‘नवी कुटुंबे’ नावाचे पान

१२ जानेवारी २०२५, रविवार

उपासनेनंतर पाळकसाहेबांनी थांबवून घेतलं. मंडळीची वेबसाइट करायची आहे आणि ती मी करावी, असं त्यांच्या मनात आहे.

रेव्हरंड लक्ष्मणराव उजागरे आमच्या चिंचवडच्या मंडळीत येऊन तीनच वर्षं झाली आहेत, पण मांडणी व्यवस्थित करतात. आमची तरुण मुलं वाकडच्या इंग्रजी चर्चकडे वळली, कारण तिथलं सगळं मोबाइलवर दिसतं. आणि चाकणला रोज बाहेरगावची मुलं उतरतात. "जालन्याचा, लातूरचा एखादा पोरगा पहिल्या रविवारी खोलीवर बसून शोधत असेल, मराठी उपासना कुठं आहे. आपण त्याला सापडतच नाही. दारोदार जाऊन सुवार्ता सांगायला गेलं तर लोक आता पोलिसांना फोन लावतात. वेबसाइटला कुणी दारातून हाकलत नाही."

शेवटचं वाक्य मला पटलं.

मंडळीचे सेक्रेटरी अण्णासाहेब शेजारीच उभे होते. टूलरूममधून निवृत्त झालेत, पण अजून प्रत्येक गोष्टीला हात लावून बघतात. म्हणाले, "साइटवर आल्या आल्या घंटा वाजली पाहिजे बघ. आणि क्रूस असा लुकलुकला पाहिजे."

मी म्हणाले, घंटा नाही, लुकलुकणं नाही, उडती कबुतरं नाहीत.

"कबुतरांचं मी बोललोच नाही."

"बोलणार होता," पाळकसाहेब म्हणाले.

मी हो म्हणाले. ऑफिसमध्ये मी दुसऱ्यांनी केलेल्या साइट्समधल्या चुका शोधते. एक स्वतःची असायला हरकत नाही.

२ फेब्रुवारी, रविवार

पानांची रचना ठरली: उपासनेच्या वेळा, नकाशा, उपदेश, साक्षी, नवी कुटुंबे.

शेवटच्या पानावरून अण्णासाहेबांशी वाद झाला. आमच्या मंडळीत माणसं मोजत नाहीत, घरं मोजतात. घरातल्या एकाने बाप्तिस्मा घेतला की अख्खं घर मंडळीत धरतात. पाळक भेटीला जातात ते घरी, नाताळचा फराळ जातो तो घरी. मी म्हणाले, हे आकडेवारी म्हणून चूक आहे. एका माणसाच्या निर्णयावर बाकीच्यांची नोंद कशी करायची?

"करंज्या काय एकट्या बाईला मोजून द्यायच्या का? नवऱ्यानं, पोरांनी बघत बसायचं?"

"करंज्यांचं ठीक आहे. साइट सगळं जग वाचणार आहे."

"मग वाचू दे की. बरंच आहे. तू ते कंपनीचं डोकं जरा बाहेर चपलांपाशी ठेवत जा, पोरी."

पाळकसाहेब हसले आणि पान तसंच ठेवायचं ठरलं. माझी हरकत मी मांडली होती. इथेही नोंदवून ठेवते.

१६ फेब्रुवारी, रविवार

कनिष्ठ अभियंता परीक्षेची निवड यादी लागली. माझ्या धाकट्या भावाचं, प्रज्वलचं नाव नाही. हा त्याचा तिसरा प्रयत्न. दीक्षा सरवदेचं आहे.

दीक्षा आणि मी डिप्लोमाच्या पहिल्या वर्षी एका वर्गात होतो. ती सिव्हिलला गेली, मी कॉम्प्युटरला. तिचे वडील बुद्धरत्न सरवदे चाकणच्या एका कंपनीत फोर्कलिफ्ट चालवतात. घर बौद्ध आहे. आई कस्तुराबाई मात्र आमच्या मंडळीत येतात, दोन वर्षांपूर्वी त्यांनी बाप्तिस्मा घेतला. दीक्षाने घेतलेला नाही. ती नाताळात आमच्याबरोबर गाते, कारण तिचा आवाज चांगला आहे आणि तिला कुणी नको म्हणत नाही.

प्रज्वलला तिच्यापेक्षा दोन गुण जास्त आहेत. तिची निवड अनुसूचित जातीच्या राखीव जागेवर झाली. आमच्या आजोबांनी नगरच्या शाळेत दाखल्यावर ‘ख्रिस्ती’ लिहून घेतलं. त्यामुळे मूळ जात एक असूनही आम्ही त्या यादीत बसत नाही. बौद्ध बसतात, ख्रिस्ती नाही, नियम असा आहे. नियमावर रागावण्यात अर्थ नाही.

आईचं मात्र जेवताना चालू होतं. "आपल्या म्हाताऱ्यानं खरं लिहिलं, त्याचं फळ हे. आणि त्यांचं बघ, रविवारी आपल्यात, सोमवारी तिकडं."

मी सांगितलं की दीक्षाचा बाप्तिस्मा झालेला नाही.

"नसेल झाला. गाणं तर आपलंच म्हणते ना?"

प्रज्वल ताट तसंच ठेवून उठला. मी त्याच्या वाटणीची भाजी झाकून ठेवली.

९ मार्च, रविवार

कस्तुराबाईंची साक्ष, म्हणजे देवाने काय केलं ते त्यांच्याच तोंडून, रेकॉर्ड केली. बोलणं चांगलं झालं. बाई कंपनीच्या कॅन्टीनमध्ये पोळ्या करतात, मेदनकरवाडीला राहतात. मोशीच्या ट्रॅफिकमधून नवरा त्यांना दर रविवारी गाडीवर घेऊन येतो आणि उपासना संपेपर्यंत समोरच्या टपरीवर बसतो. आत येत नाही.

त्यांचे शब्द जवळपास तसेच उतरवले आहेत: "मालक लई प्यायचे. पगार झाला की दोन दिस घरला येत न्हवते. मी कुणाकुणाला सांगितलं नसंल? हितं आले तवा पाळकसायबांनी इचारलं, बाई, तुझं नाव काय. माय, मला इतक्या वर्सांत कुणी नाव इचारलं न्हवतं. मंग त्येंनी नाव घिऊन प्रार्थना केली. चार म्हयन्यांनी मालकांची सुटली. ते म्हंत्यात, माझी मी सोडली. म्हनू द्या. सुटली का न्हाई?"

पाळकसाहेबांनी डोळे पुसले. मी आवाजाची पातळी तपासत होते.

फोटो आणि नाव छापायची संमती कस्तुराबाईंकडून सहीनिशी घेतली. सही करताना म्हणाल्या, "छापा की. देवाचं काम हाय. मी काय चोरी केली?"

दीक्षा सोबत होती. बाहेर पडताना तिचं अभिनंदन केलं. म्हणाली, "अजून काय नाही गं. जात पडताळणी राहिलीय. वैधता प्रमाणपत्र सहा महिन्यांत दिलं नाही तर ऑर्डर जाते. तोपर्यंत मी जीव मुठीत धरून बसलेय."

"तुझ्यात अडचण काय येणार?"

"अडचण कुठून येते सांगून येते का?"

प्रज्वल कसा आहे, तेही तिने विचारलं. मी म्हणाले, अभ्यास करतोय.

१७ एप्रिल, गुरुवार

सुट्टी घेऊन साइट पूर्ण केली. ‘नवी कुटुंबे’ हे सर्वांत नीटस पान झालं आहे. वर कस्तुराबाईंची साक्ष, खाली त्यांच्या बाप्तिस्म्याच्या दिवशीचा फोटो. फोटोत कस्तुराबाई पांढऱ्या साडीत आहेत, दीक्षा त्यांच्या खांद्यावर हात ठेवून उभी आहे, डोक्यावर ओढणी.

पाळकसाहेबांनी दिलेल्या मजकुरात ‘सरवदे कुटुंब’ एवढंच होतं. कस्तुराबाईही बोलताना ‘माझी पोरगी’ म्हणतात. फोटोखाली मी पूर्ण नावं घातली: कस्तुरा बुद्धरत्न सरवदे, दीक्षा बुद्धरत्न सरवदे. नावांशिवाय फोटो अपुरा वाटतो, आणि शोधणाऱ्या यंत्राला चित्र कळत नाही, नाव कळतं. पानाच्या शीर्षकातही आडनाव घेतलं.

बाकीच्या पानांवरच्या फोटोंना ‘महिला मंडळ’, ‘तरुण संघ’ अशा ओळी टाकल्या. सगळ्यांची नावं गोळा करायला वेळ नव्हता.

२० एप्रिल, रविवार

ईस्टर. उपासनेत पडद्यावर साइट दाखवली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. अण्णासाहेबांनी सर्वांसमोर विचारलं, "घंटा ठेवलीय का?" लोक हसले.

पाळकसाहेब म्हणाले, आजपासून आपल्या दाराला कडी नाही.

कस्तुराबाई नव्या साडीत होत्या. पडद्यावर स्वतःचा फोटो आला तेव्हा पदर तोंडाला लावून बसल्या. दीक्षा आली नव्हती, कार्यालयात कागदपत्रं द्यायची तयारी करत होती.

२१ एप्रिल, सोमवार

प्रज्वलने आपणहून साइटची चौकशी केली. निकालानंतर तो माझ्याशी पहिल्यांदाच नीट बोलला. सगळ्यांत चांगलं पान कोणतं, असं विचारलं. मी ‘नवी कुटुंबे’ची लिंक पाठवली. ती त्याने त्याच्या अभ्यासिकेच्या ग्रुपवर टाकली. म्हणाला, "पोरांना पण कळू दे, आमच्या ताईचं काम."

मला हे अपेक्षित नव्हतं. बरं वाटलं.

११ मे, रविवार

साइटवरून पहिला माणूस आला. ज्योतीराम नावाचा मुलगा, औशाकडचा, चाकणला वेल्डिंग करतो. आजीबरोबर गावच्या चर्चमध्ये जायचा. नाइट शिफ्ट संपवून, पत्ता बघत बघत, दोन बस बदलून आला. उपासनेत बसल्या बसल्या झोपला. अण्णासाहेबांनी त्याला उठवू दिलं नाही. "झोपू दे. घरी आल्यासारखं वाटल्याशिवाय माणूस असा घोरत नाही."

पाळकसाहेब मला दारापर्यंत सोडायला आले. फक्त "सलाम, दिव्या," म्हणाले, आमच्यातला रोजचाच नमस्कार, पण नेहमीपेक्षा जरा वाकून.

दीक्षाचं नाव शोधून पाहिलं. आपलं पान पहिलं येतं. परीक्षेच्या यादीच्याही वर. तांत्रिकदृष्ट्या काम चोख झालं आहे.

१८ जून, बुधवार

दुपारी ऑफिसमध्ये दीक्षाचा फोन. तिच्या पडताळणीवर कुणीतरी लेखी आक्षेप घेतला आहे: उमेदवार ख्रिस्ती झाली असून ते लपवते आहे. सोबत आमच्या पानाची रंगीत प्रिंट जोडली आहे. शीर्षक, फोटो, नाव, सगळं.

"दिव्या, आत्ता काढ ते."

काढलं. पण तिला खरी परिस्थिती सांगणं आवश्यक होतं. पान काढलं तरी लोकांनी घेतलेल्या प्रती राहतात, आणि आता काढलं म्हणजे लपवलं असंही कुणी म्हणेल.

ती म्हणाली, "तू मला हे शिकवू नकोस आत्ता."

तिचा आवाज चढलेला नव्हता. मी मीटिंगला परत गेले.

२२ जून, रविवार

चर्चच्या मागच्या खोलीत बैठक. पाळकसाहेब, अण्णासाहेब, कस्तुराबाई, दीक्षा, मी. बुद्धरत्नकाका या वेळी आत आले. दाराजवळच्या खुर्चीत बसले, हेल्मेट मांडीवर.

दीक्षाला दोन कागद हवे होते. एक मंडळीचा: तिचा बाप्तिस्मा झालेला नाही. दुसरा माझा: पानावर तिचं नाव कसं आलं.

पहिल्यावर अण्णासाहेब अडले. "ती आपली नाही, असं आपल्याच लेटरहेडवर लिहून द्यायचं?"

"ती बौद्ध हाय, अण्णासाहेब," बुद्धरत्नकाका म्हणाले. "तुमच्यात कधी नव्हतीच. तुम्हीच धरली."

"आम्ही प्रेमानं धरली, सरवदे."

"प्रेमानंच बुडाली मग."

कस्तुराबाई इतका वेळ खाली बघत होत्या. "सायेब, माझं नाव काडून टाका. म्या कवाच आले न्हवते म्हना. मी शपथ घिऊन सांगते कुठं बी. लेकीची नोकरी ऱ्हाऊ द्या."

"आई, तू गप बस," दीक्षा म्हणाली. "तुझं तू काहीही कर, देवाला मान नाहीतर नको मानू, माझ्यासाठी खोटं बोलायचं नाही."

पाळकसाहेबांनी पत्र द्यायचं कबूल केलं. अण्णासाहेबांनी मान हलवली, विरोध सोडला.

मग दीक्षाने माझ्याकडे पाहिलं. "आईनं माझं नाव घेतलं नव्हतं. तिनं पोरगी म्हटलंय, मी ऐकलंय. मग खाली माझं पूर्ण नाव कुणी घातलं? दुसऱ्या एका तरी फोटोखाली नाव आहे का? मी सगळी साइट बघितली."

मी म्हणाले की मजकूर मंडळीकडून येतो, मी तो साइटवर चढवते. कामाची विभागणी तशीच आहे.

पंखा आवाज करत होता. पाळकसाहेब माझ्याकडे बघत होते. मी लॅपटॉप उघडला होता, त्यामुळे मला स्क्रीनकडे बघावं लागत होतं. मग ते म्हणाले, "नाव मीच सांगितलं असेल. हो, मीच."

दीक्षा म्हणाली, "सर, तुम्ही सांगितलं असेल तर तुमच्या पत्राला काय किंमत? ज्या मंडळीनं मला ख्रिस्ती म्हणून छापलं, तीच आता नाही म्हणते, असंच झालं ना ते. साइट बनवणारीनं स्वतःच्या मनानं टाकलं असतं तर गोष्ट वेगळी होती."

"मीच सांगितलं," पाळकसाहेब पुन्हा म्हणाले, पण हळू.

त्यांनी तसं म्हणायला नको होतं. ते वस्तुस्थितीला धरून नाही. मी त्यांना तसं म्हणायला सांगितलं नव्हतं.

२४ जून, मंगळवार

त्या पानावर कोण कधी आलं, त्याच्या सर्व्हरवरच्या नोंदी पाहिल्या. ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी तासाभरात एकदम पुष्कळ लोक आले, थेट त्याच पानावर. पहिल्या पानावरून कुणी आलेलं नाही. त्यानंतर काही जण पुन्हा पुन्हा आले.

यावरून व्यक्ती सिद्ध होत नाही. एका ग्रुपमध्ये शेकडो मुलं असतात, आणि त्यांतली बरीच प्रतीक्षा यादीत असतात.

प्रज्वल आज लवकर झोपला. जुन्या नोंदी काढून टाकणं हे देखभालीचं काम आहे, ते मी अधूनमधून करते. आज केलं.

६ जुलै, रविवार

मी माझं निवेदन दिलं. तीन वाक्यं आहेत. साइट मी तयार केली. मजकूर मंडळीच्या संमतीने प्रसिद्ध झाला. दीक्षा सरवदे यांच्या धर्माविषयी मला व्यक्तिगत माहिती नाही.

तिसरं वाक्य आईने सुचवलं. "कशाला कुणाच्या धर्माचं आपण सांगत बसायचं? उद्या तुलाच बोलावतील, कंपनीत कळेल." हा व्यावहारिक मुद्दा आहे.

पाळकसाहेबांनी कागद वाचला, परत वाचला. "एवढंच आहे, दिव्या?"

"हो, सर."

"मी थांबायला तयार आहे. तुला वेळ हवा असेल तर घे."

कशासाठी वेळ, ते त्यांनी सांगितलं नाही. मी विचारलं नाही. कागद त्यांच्या टेबलावर ठेवून आले.

७ ऑगस्ट, गुरुवार

जात पडताळणीच्या चौकशीला आलेल्या अधिकाऱ्यांनी पाळकसाहेबांना विचारलं, नाव तुम्ही दिलं का? अण्णासाहेब तिथे होते, त्यांच्याकडून कळलं. पाळकसाहेब म्हणे एवढंच म्हणाले, जबाबदारी माझी आहे. अधिकाऱ्यांनी तेच लिहून घेतलं आणि पुढची सुनावणी सप्टेंबरात लावली.

अण्णासाहेब मला हे सांगताना नेहमीसारखे पोरी-बिरी म्हणाले नाहीत. "दिव्या मॅडम," म्हणाले. मी दुरुस्त केलं नाही.

१४ सप्टेंबर, रविवार

दीक्षाची सुनावणी पुढे ढकलली गेली आणि प्रमाणपत्र द्यायची मुदत संपली. जागा प्रतीक्षा यादीतल्या पुढच्या उमेदवाराला गेली. तो प्रज्वलच्या अभ्यासिकेतला निघाला. प्रज्वल त्याच्या पेढ्यांना गेला होता. पेढ्याचा पुडा घरी आणला. आईने तो देवाच्या वचनाच्या पाटीखाली ठेवला आणि मग काहीतरी वाटून तिथून उचलून फ्रिजमध्ये टाकला.

कस्तुराबाई तीन रविवार आलेल्या नाहीत. पाळकसाहेब मेदनकरवाडीला भेटीला जाऊन आले. दार उघडलं, पाणी दिलं, असं म्हणाले. पुढचं काही सांगितलं नाही. उपदेश करताना आज मध्येच थांबले आणि कागदात जागा शोधत राहिले. त्यांना कागद लागत नाही कधी.

भोसरीच्या मंडळीला आमच्यासारखीच साइट करून हवी आहे. मी अजून उत्तर दिलेलं नाही.

५ ऑक्टोबर, रविवार

संध्याकाळी दीक्षा घरी आली. मी दार उघडलं, ती आत आली नाही. एका बिल्डरच्या साइटवर सुपरवायझर म्हणून लागली आहे, मारुंजीत. बुटांना सिमेंट होतं. दारातल्या पायपुसण्यावर पाय न ठेवता, बाजूला उभी राहिली.

मला वाटलं, ती नोंदींबद्दल विचारेल, लिंकबद्दल विचारेल. त्याची उत्तरं माझ्याकडे होती.

ती म्हणाली, "एकच विचारायचंय. मार्चमध्ये मी तुला सांगितलं होतं, माझी पडताळणी राहिलीय. नाव टाकताना तुझ्या लक्षात होतं का?"

"हो," मी म्हणाले.

तिने मान हलवली, एखादं माप बरोबर निघाल्यावर हलवतात तशी. "पाळकसाहेबांना सांग हे कधीतरी. त्यांना खरंच वाटायला लागलंय की त्यांनीच सांगितलं."

मग जिना उतरून गेली. मी दार लावलं.

आतून प्रज्वल म्हणाला, "कोण होतं गं?"

मी म्हणाले, "कुणी नाही."